मुरगाव धक्का, ऑक्टोबर १९४३ : फलकावर काय लिहायचं? (चर्चेचा धागा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सड्यावरून

वास्कोच्या एका शाळेत मुरगाव बंदरावरचं प्रदर्शन भरतंय. त्यात एक फलक १९४३ च्या अदलाबदलीचा आहे. जागा दीडशे शब्दांची. कच्चा मसुदा असा:

"दुसऱ्या महायुद्धात, १९ ऑक्टोबर १९४३ रोजी, तटस्थ पोर्तुगीज गोव्यात मुरगावच्या धक्क्यावर अमेरिका आणि जपान यांनी आपापल्या ताब्यातल्या युद्धकैद्यांची अदलाबदल केली. अमेरिकेहून ग्रिप्सहोल्म आणि जपानहून तेइआ मारू ही जहाजं आली. ३,००० हून अधिक कैदी मायदेशी परतले."

बंदराचं नाव निघालं की सगळे एहरनफेल्स या जर्मन जहाजाचीच गोष्ट सांगतात. ती त्याच वर्षीच्या मार्चमधली. ही दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, म्हणून ती बिनचूक जावी एवढीच इच्छा. जाणकारांनी कात्री चालवावी.

जुनी गोदी

तीन वाक्यांत तीन चुका.

पहिली चूक "युद्धकैदी". धक्क्यावर उतरलेल्यांत पकडलेला सैनिक एकही नव्हता, सगळे नागरिक. तेइआ मारूवर मिशनरी, शिक्षक, बँकांचे नि तेलकंपन्यांचे लोक, बायकामुलं. जपानने चीन, हाँगकाँग, फिलिपिन्स आणि खुद्द जपानात स्थानबद्ध केलेले अमेरिकी, कॅनेडियन वगैरे. ग्रिप्सहोल्मवर अमेरिका खंडातून आणलेले जपानी वंशाचे लोक. युद्धकैद्याला निदान जिनिव्हा कराराचं कवच असतं. परक्या देशात पोट भरायला गेलेल्या माणसाला तेवढंही नव्हतं. दोन्ही बाजूंनी तो करार नागरिकांनाही लावू असं म्हटलं होतं, पण म्हणणं आणि पाळणं यात फरक पडलाच.

दुसरी चूक आकड्याची. तेइआ मारूवर १,५०० च्या वर माणसं होती आणि ग्रिप्सहोल्मवरही जवळपास तेवढीच: १,३०० च्या वर न्यूयॉर्कहून, बाकीची रिओ आणि माँटेव्हिडिओला चढलेली. एकूण तीन हजारांच्या आसपास, "हून अधिक" असं ठामपणे लिहू नये.

तिसरी चूक "मायदेशी". त्यावर दप्तरदार लिहितीलच, ते त्यांचं क्षेत्र.

आता कामाची पद्धत, कारण फलकापुढे उभं राहिलेलं पोर हेच विचारणार. युद्धात असलेले दोन देश एकमेकांशी थेट बोलत नव्हते. जपानच्या ताब्यातल्या अमेरिकनांची बाजू स्वित्झर्लंड बघत होतं, अमेरिकेतल्या जपान्यांची स्पेन. प्रत्येक नाव या दोघांच्या हातून जायचं. ग्रिप्सहोल्म स्वीडिश, म्हणजे तटस्थ, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने भाड्याने घेतलेलं. तेइआ मारू मूळचं आरामिस नावाचं फ्रेंच प्रवासी जहाज, जपानने ताब्यात घेतलेलं. दोघांनाही अभयपत्र होतं. अट अशी की ठरलेल्या मार्गाने जायचं आणि रात्री दिवे लावून जायचं. पाणबुड्यांच्या भीतीने बाकी सगळी जहाजं अंधारात चालत असताना ही दोन लखलखत यायची. ग्रिप्सहोल्मच्या कुशीवर मोठ्या अक्षरांत "डिप्लोमॅट" रंगवलेलं होतं.

मार्ग: ग्रिप्सहोल्म २ सप्टेंबरला न्यूयॉर्क बंदरातून सुटलं, रिओ, माँटेव्हिडिओ आणि पोर्ट एलिझाबेथ करत १६ ऑक्टोबरला मुरगावात. तेइआ मारू शांघाय, हाँगकाँग, फिलिपिन्स, सायगाव, सिंगापूर असं भरत भरत आदल्या दिवशी, १५ ला, पोचलेलं. अदलाबदल १९ ला. मध्ये तीन दिवस याद्या ताडून बघण्यात गेले. माणसाला माणूस असा हिशेब असल्याने एक नाव कमी पडलं तरी काम अडतं. ग्रिप्सहोल्म २२ ला निघालं आणि १ डिसेंबरला न्यूयॉर्कला लागलं.

मुरगावच का? दोन मोठी प्रवासी जहाजं एकाच वेळी धक्क्याला लावता येतील एवढी खोली आणि लांबी हवी, बंदर तटस्थ हवं, आणि जपानहून फार लांब नको. १९४२ ची पहिली अदलाबदल मोझांबिकच्या लोरेन्सो मार्कीश बंदरात झाली होती, तेही पोर्तुगीजच. ऑक्टोबरच्या मध्यावर आपल्याकडे पाऊस सरलेला, समुद्र बसलेला.

एक गोष्ट मसुद्यात नाही आणि हवी: ग्रिप्सहोल्ममधून रेडक्रॉसचं औषधपाणी नि खाण्याची पार्सलं तेइआ मारूवर चढली. फिलिपिन्समधल्या छावण्यांत १९४३ च्या नाताळात जी पार्सलं वाटली गेली ती मुरगावच्या धक्क्यावरून गेलेली. आणि तेच तेइआ मारू पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९४४ मध्ये, सैन्य वाहून नेताना अमेरिकी पाणबुडीने बुडवलं. अभयपत्र त्या एका फेरीपुरतंच होतं.

दप्तरदार

गोदीवाल्यांनी माझ्यासाठी ठेवलेला "मायदेशी" हा शब्द घेतो. ग्रिप्सहोल्मवरच्या जपान्यांचा मोठा भाग अमेरिकेत राहणाराच नव्हता. ते लॅटिन अमेरिकेतले, त्यात पेरूमधले सर्वांत जास्त. लिमात न्हाव्याची दुकानं, बेकऱ्या, किराणा चालवणारे लोक. अमेरिकेने पेरूशी ठरवून त्यांना उचललं. एकूण सुमारे २,२०० जण, त्यातले १,८०० च्या आसपास पेरूतून. सगळी मेख कागदात आहे:

बोटीवर चढवताना किंवा वाटेत पासपोर्ट काढून घ्यायचे. बोट न्यू ऑर्लिन्सला लागली की व्हिसा विचारायचा. पासपोर्टच नाही तर व्हिसा कुठला? मग नोंद करायची "बेकायदा प्रवेश". स्वतः सरकारने बंदुकीच्या पहाऱ्यात आणलेला माणूस कागदावर घुसखोर ठरला. त्यामुळे युद्ध संपल्यावर त्याला देशाबाहेर काढायचा अधिकार आपोआप हाती आला. पेरूने बहुतेकांना परत घ्यायचं नाकारलं. शेकडो माणसं कधी न पाहिलेल्या किंवा विशीत सोडलेल्या जपानात पाठवली गेली, तेही बेचिराख झालेल्या जपानात. थोडे वकिलाच्या जोरावर अमेरिकेत टिकले.

हे लोक लागलेच का? जपानने हव्या असलेल्यांची नावं दिली होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी अमेरिकेतून हलायला नकार दिला. घर तिथे, मुलं तिथे जन्मलेली, अमेरिकी नागरिक. नग कमी पडले, तर ते पेरूतून भरले. मुरगावात जे "परतले" त्यांतली पोरं जपान पहिल्यांदाच बघणार होती. मसुद्यातलं "मायदेशी परतले" हे वाक्य काढाच.

आता मुख्य अमेरिकी प्रकरण, फलकावर एका ओळीत येणारं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचा ९०६६ क्रमांकाचा आदेश, १९ फेब्रुवारी १९४२. पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक उठवले, त्यातले दोनतृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक. नोटीस खांबावर चिकटायची आणि हातात साधारण आठवडा. कुटुंबप्रमुखाने केंद्रावर जाऊन नोंद करायची, कुटुंबाला एक नंबर, तो नंबर लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या कोटाला आणि प्रत्येक बोचक्याला. काय न्यायचं तेही छापलेलं: अंथरूण-पांघरूण (पण गादी नाही), कपडे, साबण-ब्रशसारख्या वस्तू, आणि प्रत्येकासाठी सुरी, काटा, चमचा, ताटली, वाडगा, कप. हाताने उचलेल तेवढंच. कुत्रा-मांजर नाही. पहिले काही महिने घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानांवर, तबेल्यांत. मग ओसाड भागातल्या दहा छावण्या. तिथे काम केलं तर महिना १२, १६ किंवा १९ डॉलर, डॉक्टर असला तरी १९.

नावं शोधणाऱ्यांना एक इशारा. या दहा छावण्यांतल्या सुमारे १,०९,००० लोकांच्या नोंदींचा तक्ता अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर ठेवलाय: वय, पूर्वीचा पत्ता, शिक्षण, धंदा. मुरगावच्या जहाजावरची माणसं त्यात शोधाल तर बहुतेक सापडणार नाहीत. ती न्यायखात्याच्या वेगळ्या छावण्यांत होती, टेक्सासमधली क्रिस्टल सिटी हे कुटुंबांसाठीचं मोठं ठिकाण. खातं वेगळं, दप्तर वेगळं. लोक पहिला तक्ता चाळतात, नाव मिळत नाही, आणि "अशी माणसं नव्हतीच" म्हणून मोकळे होतात.

सड्यावरून

दोघांचे आभार. नवा मजकूर:

"१९ ऑक्टोबर १९४३ रोजी मुरगावच्या धक्क्यावर दोन जहाजांतल्या स्थानबद्ध नागरिकांची अदलाबदल झाली. तेइआ मारूवर जपानच्या ताब्यातले १,५०० हून अधिक अमेरिकी व इतर होते. ग्रिप्सहोल्मवर अमेरिका खंडातून आणलेले १,५०० च्या आसपास जपानी वंशाचे लोक होते. यांतल्या अनेकांना पेरूसारख्या देशांतून जबरदस्तीने हलवलं होतं, आणि अनेक मुलांनी जपान कधी पाहिलाही नव्हता. रेडक्रॉसची औषधं व अन्न याच धक्क्यावरून आशियातल्या छावण्यांकडे गेलं."

चित्र हवंय. तेव्हाची गोव्यातली बातमी कुठे मिळेल?

जुनी गोदी

पणजीच्या मध्यवर्ती वाचनालयात जुनी पोर्तुगीज वर्तमानपत्रं आहेत, ओ एराल्दोचे अंक मागा. पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारच्या सेन्सॉरखाली छापलेलं आहे हे लक्षात ठेवून वाचायचं. तटस्थतेला धक्का लागेल असं काहीच येणार नाही. स्वागत, हवापाणी, अधिकाऱ्यांची नावं एवढंच भरपूर येईल.

फोंडेकरीण

मजकूर चांगला झालाय, पण मला एक खटकतं. गोव्यातल्या शाळेत हा फलक लागला की मुलं समजणार, छावण्या म्हणजे दूरच्या लोकांच्या भानगडी, गोवा आपला मधला भला यजमान. गोव्याच्या भूमीवर छावण्या होत्या आणि त्या आपल्याच सरकारच्या. गोवा मुक्त झाल्यावर, १९ डिसेंबर १९६१ नंतर, तीन हजारांच्या वर पोर्तुगीज सैनिक आग्वाद, नावेली, आल्पार्केरूस आणि आमच्या फोंड्यात ठेवलेले होते. ते मे १९६२ पर्यंत इथेच राहिले. कारण भारताचं त्यांच्यावर प्रेम होतं असं नव्हे. सालाझारला शरणागती पत्करलेले सैनिक परत घ्यायचीच घाई नव्हती, कुठल्या वाहनाने न्यायचं यावर महिने गेले. शेवटी फ्रेंच विमानांनी कराची आणि तिथून बोटीने लिस्बन. मार्च ६२ मध्ये फोंड्याच्या छावणीतून कचऱ्याच्या ट्रकमधून पळून जायचा प्रयत्न झाला आणि फसला. प्रकरण पार कोर्टमार्शलच्या धमकीपर्यंत गेलं, एका जेझुइट लष्करी पाद्रीने मध्यस्थी करून मिटवलं.

दप्तरदार

बाय, ते खरोखरचे युद्धकैदी. या धाग्याचा विषय परदेशात स्थायिक झालेले नागरिक. दोन्ही एका फलकावर घातले की पहिल्या मसुद्यातला घोटाळा पुन्हा होणार.

फोंडेकरीण

मग नागरिकांचंच घ्या. त्याच डिसेंबरात पोर्तुगालने मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत टाकलं, दुकानांना सील, खाती गोठवली, आणि १९६२ मध्ये बहुतेकांना देशाबाहेर काढलं. गुजराती व्यापारी, कित्येक पिढ्यांची दुकानं. शेजारचा दीवचा माणूस पोर्तुगीज नागरिक म्हणून बाहेर राहिला आणि पलीकडच्या दुकानातला आत गेला. दोघांची भाषा, देव, जेवण एक. फरक फक्त पासपोर्टच्या रंगाचा. गोव्याच्या मुक्तीची किंमत गोव्याबाहेर कोणी मोजली हे आपल्याकडे सांगत नाहीत. लोरेन्सो मार्कीशचं नाव गोदीवाल्यांनी आधी घेतलंच आहे. १९४२ त तटस्थ म्हणून स्थानबद्धांची अदलाबदल जिथे झाली, त्या वसाहतीत वीस वर्षांनी ही वेळ आली.

पुणेरी चष्मा

मी गोव्याचा नाही, पण घाटावरच्या वाचकांसाठी भर घालतो. ब्रिटिश हिंदुस्थानातली पहिली मोठी छावणी अहमदनगरची. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक तिथे होते, १९३९ मध्ये पुन्हा तेच. मग देवळाली, नंतर डेहराडूनजवळची प्रेमनगर. बायका-मुलं आणि निरुपद्रवी ठरवलेले लोक पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्याला. गंमत नव्हे, क्रूर थट्टा म्हणायची ती ही: हिटलरच्या तडाख्यातून पळालेले ज्यू जर्मन पासपोर्टमुळे "शत्रू" ठरले आणि नाझी पक्षाच्या सभासदांसोबत एकाच कुंपणात गेले. चौकशी समितीने बऱ्याच जणांना सोडलं, १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर काहींना पुन्हा उचललं.

कागद शोधताना देवळाली (नाशिक) आणि देवली (राजस्थान, टोंक जिल्हा) यांची सरमिसळ फार होते. इंग्रजी स्पेलिंग जवळजवळ सारखं. मलाया-सिंगापूरहून आणलेले जपानी आधी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात तंबूंत ठेवले, थंडीत बरेच दगावले, मग १९४३ मध्ये देवलीला हलवले. फाइलवर राजपुताना लिहिलंय का नाशिक, हे पहिलं बघा.

दप्तरदार

देवलीचं नाव निघालं तर पुढचं सांगायलाच हवं, कारण तीच छावणी १९६२ मध्ये पुन्हा उघडली, या वेळी भारतीय चिनी लोकांसाठी. अमेरिकेवर बोलणं सोपं आहे हो.

२० ऑक्टोबरला लढाई, २६ ला आणीबाणी, २१ नोव्हेंबरला चीनचा एकतर्फी युद्धविराम. धरपकडीचा जोर युद्ध संपता-संपता आणि संपल्यावर. माकुम, तिनसुकिया, शिलाँग, दार्जिलिंग, कालिम्पाँग. माकुमची वस्ती चहाच्या मळ्यांसाठी कंपनी सरकारने आणलेल्या कारागिरांपासूनची. आधी स्थानिक तुरुंगात, मग आठवडाभराचा रेल्वेप्रवास करून राजस्थान. एकूण तीन हजारांच्या आसपास माणसं. आरोप नाही, खटला नाही.

कायद्याची कळ बघा. परकीयांचा कायदा परक्याला लागतो. इथली बरीच माणसं तर इथेच जन्मलेली. म्हणून १९६२ मध्ये वटहुकूम आणि मग कायदा करून व्याख्याच रुंद केली: स्वतः, आई-बाप किंवा आजी-आजोबांपैकी कोणीही आक्रमक देशाचा नागरिक असला तरी परकीयांचा कायदा लागू. आजोबा कँटनहून आले म्हणून नातू आत. अमेरिकेने आदेशात "जपानी" हा शब्द न लिहिता तेच साधलं, आपण पिढ्या मोजून.

१९६३ मध्ये चीनने मद्रासला बोटी पाठवल्या, तीन फेऱ्यांत दोन हजारांहून अधिक लोक गेले. इथेही तोच मुरगावचा प्रश्न: आसामी किंवा खासी आई, हिंदी-असमिया बोलणारी मुलं, ती कुठे "परत" गेली? राहिलेले हळूहळू सुटले, शेवटचे १९६७ मध्ये. घरी आले तर सामान लिलावात गेलेलं. पुढे वर्षानुवर्षं पोलिसात हजेरी, नोंदणीपुस्तक, गाव सोडायला परवानगी. अनेकांचं नागरिकत्व १९९० च्या दशकापर्यंत लटकलेलं. मुंबईत माझगावचं चिनी देऊळ बघितलेल्यांनी भोवतालची वस्ती कशी विरळ झाली तेही बघितलं असेल.

भरपाईचं: अमेरिकेत १९४८ चा कायदा झाला, पण मालाची पावती मागितली. आठवड्यात घर सोडणारा पावत्या घेऊन जातो का? प्राप्तिकराची त्या वर्षांची विवरणपत्रंही सरकारने तोवर नष्ट केलेली. सुमारे १४.८ कोटी डॉलरचे दावे, मिळाले सुमारे ३.७ कोटी, तेही जुन्या भावाने, व्याज नाही. खरी माफी १९८८ मध्ये आली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर, सुमारे ८२,००० जणांना. त्याआधीच्या सरकारी आयोगाने कारणं लिहिली: वंशद्वेष, युद्धज्वर, राजकीय नेतृत्वाचं अपयश. सुरक्षेची गरज हे कारण त्या यादीत नाही. पेरूवाल्यांना मात्र त्या पैशातून वगळलं, कारण? ते कायदेशीर रहिवासी नव्हते! तो "बेकायदा प्रवेश" ४५ वर्षांनी पुन्हा कामाला आला. १९९८ मध्ये तडजोडीत ५,००० डॉलर. देवलीवाल्यांना आपल्याकडे ना रक्कम, ना माफी.

पुणेरी चष्मा

बरोबरी फार ताणू नका. १९६२ त आपला देश खरोखर मार खात होता, आसामातलं तेजपूर रिकामं होत होतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोणी उतरलं नव्हतं.

दप्तरदार

भीती खरी होती, मान्य. पण युद्धविराम नोव्हेंबर ६२ चा आणि शेवटची सुटका ६७ ची. मधल्या पाच वर्षांना भीतीचं कारण पुरत नाही.

सड्यावरून

देवलीची एक ओळ फलकात घालतोय, शिक्षक काय म्हणतात बघू. मोझांबिकसाठी वेगळा फलक मागतो. विषय निघालाच आहे तर: गोव्यातल्या "शत्रू मालमत्ता" याच कायद्यातल्या का? वास्कोच्या आसपास लोक तसं म्हणतात.

कुळागर

मुळं तीच, फांदी वेगळी. भारत संरक्षण नियम १९६२ चे, चीन युद्धातले. त्यांच्याच आधारे १० सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानी नागरिकांची स्थावर मालमत्ता कस्टोडियनकडे, म्हणजे अशी मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याकडे, गेली. मग १९६८ चा शत्रू संपत्ती कायदा. देशभरात चिनी नागरिकांच्या नावावरच्या १२६, बाकी सगळ्या पाकिस्तानी. गोव्यात अडीचशेच्या वर, आणि त्यात कराचीला गेलेल्या गोंयकार ख्रिस्तावांची घरं-भाटं (बागायती) बरीच. इंग्रज अमदानीत रेल्वे, कस्टम, शाळांत नोकरीला गेलेले. ४७ नंतर तिथलाच पासपोर्ट घेतला. तेव्हा गोवा भारतात नव्हताच, त्यामुळे शत्रुदेशाचे होऊ असं कोणाच्या मनातही येण्याचं कारण नव्हतं.

घोळ होतो तो आपल्या वारसा कायद्यामुळे. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या नियमाने सगळ्या मुलांना हिस्सा आणि नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी. पाच भावंडांत एक कराचीत, घराची वाटणी झालेली नाही. कस्टोडियनकडे जायला हवा त्याचा हिस्सा, पण वाटणी नसल्याने अडकतं सगळंच घर. विकता येत नाही, छप्पर शाकारायला कोणी पैसे घालत नाही, दहा पावसाळ्यांत भिंती बसतात.

बघायचं या क्रमाने. गावात असेल तर फॉर्म १ व १४ (जमिनीचा महसुली उतारा), शहरात फॉर्म डी (शहरी मिळकतीचा उतारा) आणि चलता नंबर (शहरी भूखंडाचा क्रमांक). मग जुनी पोर्तुगीज भूनोंदणी आणि मात्रीस (पोर्तुगीजकालीन करनोंद) क्रमांक, कारण सर्व्हे नंतरचा आहे आणि त्यात चुका भरपूर. मग मूळ मालक कधी वारला ती तारीख. वारसा त्या दिवशी उघडतो, म्हणून १० सप्टेंबर १९६५ ला हिस्सा नेमका कोणाचा होता ते यावर ठरतं. लग्नाची नोंद काढा; जोडीदाराचा निम्मा हिस्सा आणि त्याचं नागरिकत्व वेगळं बघावं लागतं. इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीची कोर्टातली कारवाई) झाली असेल तर तिची प्रत. हे हातात नसताना कलेक्टरकडे अर्ज टाकला की तो नुसता फिरत राहतो.

२०१७ च्या दुरुस्तीने दार बरंच अरुंद केलं. वारस भारतीय नागरिक असला तरी शत्रूचाच वारस, त्याला हक्क नाही. जुनी हस्तांतरणंही रद्दबातल. दिवाणी कोर्टाची वाट बंद. उरतं ते केंद्र सरकारकडे निवेदन, आदेश मिळाल्यापासून किंवा राजपत्रात आल्यापासून ३० दिवसांत, आणि त्यावरच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत हायकोर्ट. "हा हिस्सा शत्रूचा नव्हताच" हे दाखवायचं, "तो आम्हाला द्या" असं मागायचं नाही. बहुतेक अर्ज इथेच चुकतात.

जुनी गोदी

फॉर्म १ व १४ वर कस्टोडियनचं नाव आलेलं असलं तर?

कुळागर

महसुली नोंद म्हणजे मालकी नव्हे. ते फक्त गृहीत धरलं जातं, पुरावा देऊन खोडता येतं. एका भावाचं नाव होतं म्हणून अख्खा सर्व्हे नंबर कस्टोडियनच्या नावे चढवला, असं घडू शकतं. तिथे बाकीच्या भावंडांनी मात्रीस, भूनोंदणी आणि इन्व्हेंटरी लावून आपल्या हिश्शापुरती दुरुस्ती मागायची. अर्जात अपूर्णांक लिहा, एकपंचमांश असेल तर एकपंचमांश. "आमचं घर" एवढंच लिहिलेला अर्ज कारकून बाजूला ठेवतो.